ठासणीच्या बंदुकीचा बार : गोळी, सॅबो आणि दारू यांची निवड

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम राखून ठेवलेला असतो. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात तयार काडतूस बसत नाही आणि नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून ती गजाने खाली ठासावी लागते अशी बंदूक. काडतुसाच्या बंदुकीत दारू, गोळी आणि दारूला पेट देणारी टोपी यांचा मेळ कारखान्यातच बसवलेला असतो. ठासणीच्या बंदुकीत मात्र तो प्रत्येक बाराच्या वेळी शिकाऱ्याला स्वतःच्या हाताने बसवावा लागतो, आणि जनावर एका बारात पडेल की जखमी होऊन रानात नाहीसे होईल हे बरेचसे त्या मेळावर ठरते. बाजारात गोळ्यांचे, सॅबोंचे (गोळीभोवती बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांचे) आणि दारूचे इतके प्रकार मिळतात की नवा शिकारी बहुधा सर्वांत वेगवान गोळी आणि सर्वांत मोठे माप उचलतो. निवडीचा क्रम खरे तर उलटा असायला हवा : आधी कायदा आणि जनावर, मग नळीचा पीळ, त्याला साजेशी गोळी, गोळीला साजेसा सॅबो आणि सर्वांत शेवटी दारू.

येथील विवेचन अमेरिकेतील कारखान्यात तयार झालेल्या शिकारी बंदुकांपुरते आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांची नळी, तिची जाडी व तिचे पोलाद निराळे असल्याने येथे दिलेले दारूचे आकडे त्या बंदुकांना कदापि लावू नयेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील परवाना घेऊन शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकाला मात्र हे विवेचन थेट उपयोगी पडेल.

आधी नियम, मग जनावर

ठासणीच्या बंदुकीचे नियम राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की एका राज्यात सर्रास वापरला जाणारा बार शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकतो. कोलोराडोच्या ठासणी हंगामात सॅबो चालत नाही, वडीच्या रूपातली दारू चालत नाही, दुर्बीण चालत नाही, आणि लांबट गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त असून चालत नाही. हरणासाठी नळी किमान .४० इंच आणि एल्क या मोठ्या जातीच्या हरणासाठी किमान .५० इंच व्यासाची लागते. आयडाहोमध्ये ठासणीपुरत्या राखलेल्या हंगामात सॅबो आणि वड्या यांना तर मनाई आहेच, शिवाय पेट देणारी यंत्रणा उघडी असावी लागते. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर येणारा एक हंगाम केवळ चकमकीच्या बंदुकीसाठी आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही, त्यामुळे तेथे तांब्यासारख्या शिसेरहित गोळीवाचून गत्यंतर नाही. म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचण्याआधी गोळ्यांवर पैसा घालू नये.

नियमानंतर जनावराचा विचार येतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छाती अरुंद आणि फासळ्या पातळ असल्याने मध्यम वजनाची, चटकन पसरणारी गोळी फुप्फुसांतून गेली की पुरे होते. प्रौढ नर एल्क मात्र तीनशे किलोंच्या घरात जातो, आणि त्याच्या जाड खांद्यातून आरपार जाण्यासाठी पसरण्यापेक्षा खोल शिरणारी, वजनदार गोळी लागते. आरपार गेलेल्या गोळीने दोन भोके पडतात, रक्ताचा माग ठळक राहतो आणि दाट झाडीत पडलेले जनावर सापडते. म्हणून वेग आणि खोली यांतून एकच निवडायची वेळ आली तर अनुभवी शिकारी खोली निवडतात.

नळीचा पीळ काय सांगतो

शिकारी बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात आणि त्या गोळीला फिरकी देतात. ही फिरकी गोळीचे नाक पुढे स्थिर ठेवते. गोळीला एक पूर्ण फेरा मिळण्यासाठी नळीची जितकी लांबी लागते तितका त्या नळीचा पीळ धरतात, म्हणजे ‘२८ इंचांत एक’ हा घट्ट पीळ आणि ‘६६ इंचांत एक’ हा सैल पीळ. हा आकडा बहुधा नळीवर कोरलेला किंवा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, आणि गोळीची निवड त्यापासूनच सुरू होते.

गोळी जितकी लांब तितका घट्ट पीळ तिला लागतो. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले : गोळीच्या व्यासाचा वर्ग इंचांत घेऊन त्याला १५० ने गुणावे आणि लांबीने भागावे, म्हणजे किती इंचांत एक फेरा हवा ते कळते. अर्धा इंच व्यासाच्या गोल गोळीची लांबी व्यासाइतकीच असल्याने उत्तर ७५ इंच येते. म्हणूनच गोल गोळीच्या पारंपरिक नळ्यांचा पीळ ६० ते ७० इंचांच्या आसपास ठेवलेला असतो. त्याच व्यासाची पण एक इंच लांबीची गोळी घेतली तर साडेसदतीस इंच येतात. उलट बाजूने पाहिले तर ४८ इंचांच्या पिळाची नळी जेमतेम पाऊण इंच लांबीच्या गोळीपर्यंत साथ देते, आणि २८ इंचांची नळी सव्वा इंचाहून लांब गोळीही सांभाळते. हे सूत्र शिशाच्या घनतेवर बेतलेले आहे. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला आणखी घट्ट पीळ लागतो, ही गोष्ट तांब्याच्या गोळ्या घेताना विसरू नये.

गोळीची तीन घराणी

पहिला प्रकार मऊ शिशाच्या गोल गोळीचा. .५० च्या नळीसाठी ही गोळी .४९० इंच व्यासाची घेतात आणि तेल किंवा चरबी लावलेल्या सुती कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासतात. कापड खाचांत घट्ट बसते, गोळीला फिरकी देते आणि तोंडातून बाहेर पडताच गळून पडते. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन भरते. ग्रेन हे दारू व गोळी मोजण्याचे जुने इंग्रजी वजन असून एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे शंभर ग्रेन साधारण साडेसहा ग्रॅम होतात. गोल गोळी हवेत फार लवकर वेग गमावते : शंभर यार्डांवर तिचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, आणि जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो सुमारे चौथाई उरतो. जंगलातल्या साठ-सत्तर यार्डांच्या हरणासाठी ती उत्तम आहे. मोकळ्या माळावरच्या एल्कसाठी नाही.

दुसरा प्रकार नळीच्या पूर्ण व्यासाच्या लांबट शिशाच्या गोळीचा. फ्रेंच सैन्याधिकारी क्लोद एत्येन मिनिए यांच्या पोकळ बुडाच्या गोळीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पायदळाच्या लढाईचा नूर बदलला. तिचे बूड दारूच्या दाबाने फुलून खाचांत बसत असे. आजच्या शिकारी गोळ्यांपैकी काही त्याच तत्त्वावर चालतात, तर काहींच्या कडा ठासतानाच खाचांत कोरल्या जातात. ३०० ते ४०० ग्रेनांच्या या गोळ्या हळू जातात पण खोल शिरतात, आणि सॅबोला बंदी असलेल्या राज्यांत एल्कसाठी त्याच कामी येतात. त्यांना चरबी नीट लावावी लागते, आणि नळी तोंड खाली करून चालताना गोळी दारूवरून पुढे सरकत नाही ना हे वेळोवेळी पाहावे लागते.

तिसरा प्रकार सॅबोतल्या गोळीचा. येथे गोळी नळीपेक्षा बारीक असते, बहुधा .४५ च्या पिस्तुलाची .४५२ इंचाची किंवा .४४ ची .४३० इंचाची, आणि मधली फट प्लॅस्टिकची कुपी भरून काढते. बारीक गोळी हवा सहज कापते व वेग टिकवते, त्यामुळे २५० ग्रेनांची गोळी सेकंदाला सुमारे १,९०० फूट वेगाने निघाली तर तोंडापाशी तिचा जोर दोन हजार फूट-पौंडांच्या आसपास असतो आणि पल्लाही वाढतो. पण पिस्तुलाची गोळी पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली असते. ठासणीच्या बंदुकीतून ती बरीच जोरात जाते, म्हणून जवळच्या जनावरात तिचे तुकडे होऊन ती उथळच थांबू शकते. उलट जाड कवचाची गोळी लांबवर वेग कमी झाल्यावर मुळीच पसरत नाही. गोळीच्या कारखान्याने ती कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत पसरते हे दिलेले असते, आणि नळीच्या तोंडापासून शिकाऱ्याच्या अंतिम पल्ल्यापर्यंतचा वेग त्या चौकटीत बसतो का, हे डब्यावरच्या आकर्षक चित्रापेक्षा महत्त्वाचे आहे. अखंड तांब्याच्या गोळ्या क्वचितच फुटतात आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत, त्यामुळे मांस घरी खाल्ले जाणार असेल तर त्या विचारात घ्याव्यात.

सॅबो : मधला दुवा

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकची छोटी कुपी, जिच्या बाजू पाकळ्यांसारख्या चिरलेल्या असतात. .५० इंचाच्या नळीत .४५२ इंचाची गोळी बसवताना तिची भिंत दर बाजूला इंचाच्या अवघ्या चोवीस हजारांश जाडीची असते, आणि एवढ्या पातळ थराला तीन कामे करायची असतात : दारूचा वायू मागे अडवणे, खाचांत रुतून फिरकी गोळीपर्यंत पोहोचवणे आणि बाहेर पडताच चारी पाकळ्या एकदम उघडून गोळीपासून वेगळे होणे. यांतले एकही काम बिघडले तर सर्वांत महाग गोळीही भरकटते.

दोन नळ्यांवर .५० हाच आकडा असला तरी आतल्या व्यासात किंचित फरक असतो, म्हणून एकाच गोळीसाठी वेगवेगळ्या जाडीचे सॅबो मिळतात. योग्य सॅबो गजावर एका हाताच्या स्थिर दाबाने, ठोके न मारता, खाली जातो. तो बोटाच्या दाबाने घसरत असेल तर वायू बाजूने निसटेल आणि चालताना गोळी पुढे सरकेल; गजावर अंगाचा भार टाकावा लागत असेल तर गोळीचे नाक चेपेल आणि थंडीत, मळलेल्या नळीत तो अर्ध्यावरच अडकेल. घट्ट नळीसाठी कंगोरे असलेले सॅबो घ्यावेत, कारण त्यांचे कंगोरे दबतात आणि ठासणे सोपे होते. गजाच्या टोकाचा साचा गोळीच्या नाकाच्या आकाराचा असावा; टोकदार प्लॅस्टिकच्या नाकाची गोळी सपाट टोकाने ठासली की नाक तिरके होते.

नेमबाजीच्या मैदानावर बार काढल्यानंतर समोर काही यार्डांवर पडलेले सॅबो वेचून पाहणे ही फुकटची तपासणी आहे. पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या, बूड शाबूत आणि खाचांचे ठसे स्वच्छ असतील तर मेळ जमला. बूड जळून भोक पडले असेल तर दारू जास्त आहे किंवा सॅबो सैल आहे, आणि अशा वेळी दारू कमी करावी किंवा सॅबोखाली फेल्टची गादी घालून पाहावी. एक पाकळी तुटलेली व बाकीच्या शाबूत दिसत असतील तर सॅबोचा प्रकारच बदलावा. उन्हाळ्यात किंवा पाठोपाठ बार काढताना तापलेली नळी प्लॅस्टिक मऊ करते, म्हणून नळी हाताला कोमट लागेपर्यंत पुढचा बार भरू नये.

दारू : जात आणि माप

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. दाण्यांच्या बारकाव्यावरून तिची प्रत ठरते आणि डब्यावर एफ या अक्षराने ती दाखवतात. जितके एफ जास्त तितके दाणे बारीक. मोठ्या नळीला दोन एफची, .४५ व त्याखालच्या नळीला तीन एफची, आणि चकमकीच्या बंदुकीच्या कानात रंजक म्हणून चार एफची दारू वापरतात. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन या तिच्या जागी वापरायच्या दारू आहेत. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही आणि ती काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोरकस आहे, त्यामुळे तिचे माप तेवढे कमी घ्यावे. ब्लॅकहॉर्न २०९ धूर कमी करते आणि नळी कमी मळवते, पण तिला पेट देण्यासाठी २०९ क्रमांकाची तेज टोपी लागते, ती चकमकीच्या व जुन्या टोपीच्या बंदुकीला चालत नाही, आणि कारखान्याने तिची मर्यादा १२० ग्रेन मापाची ठेवली आहे.

येथे ‘माप’ हा शब्द जपून वाचावा. ठासणीच्या बंदुकीची दारू वजनाने नव्हे, तर काळ्या दारूच्या ग्रेनांवर आखलेल्या मापाने, म्हणजे आकारमानाने भरतात. शंभर ग्रेन मापाची ब्लॅकहॉर्न तराजूवर सुमारे सत्तर ग्रेनच भरते. जो तराजूवर शंभर ग्रेन तोलून घालील तो नकळत दीडपटीच्या जवळ जाईल. आणि काडतुसातली धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत कोणत्याही मापाने घालू नये, कारण तिचा दाब साध्या नळीच्या ताकदीपलीकडे जातो, नळी फुटते आणि हात वा डोळा जातो. मोजक्या बंदुका खास तिच्यासाठी बनवलेल्या असतात. बंदुकीच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले नसेल तर उत्तर ‘नाही’ असेच धरावे.

वड्या म्हणजे दाबून तयार केलेली दारू, बहुधा ५० ग्रेनांची एक. त्या हाताळायला सोप्या, पण माप ५० च्या पटीतच बदलता येते. तीन वड्यांचा बार बऱ्याच बंदुकांच्या पुस्तिकांत कमाल म्हणून दिलेला असतो, आणि कमाल म्हणजे सर्वोत्तम असा समज येथूनच सुरू होतो. नळीची लांबी ठरलेली असल्याने दारू ठरावीक मर्यादेपलीकडे पूर्ण जळत नाही, जास्तीचा भाग तोंडाबाहेर जळतो, वेग थोडासाच वाढतो, खांद्याला बसणारा धक्का मात्र खूप वाढतो, सॅबो फाटतात आणि नेम बिघडतो. सुट्या दारूने शिकाऱ्याला आपल्या नळीचे खरे माप शोधता येते, म्हणून शोधाची सुरुवात सुट्या दारूनेच करावी.

माप शोधण्याची रीत

बंदूक, गोळी आणि दारू या तिन्हींच्या कारखान्यांनी दिलेल्या मर्यादांपैकी सर्वांत कमी असेल ती आपली मर्यादा मानावी. सॅबोच्या बारासाठी .५० च्या, २८ इंच पिळाच्या आधुनिक बंदुकीत २५० ग्रेनांची गोळी घेऊन ८० ग्रेन मापाच्या दारूने सुरुवात करता येते. मेजावर वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून ५० यार्डांवर तीन बार काढावेत आणि तीन भोकांतील सर्वांत दूरच्या दोहोंचे अंतर मोजावे. मग पाच-पाच ग्रेनांनी दारू वाढवत तेच करावे. गोल गोळीच्या .५० नळीसाठी सुरुवात ५० ग्रेनांनी, म्हणजे नळीच्या आकड्याइतक्या दारूने, करण्याची जुनी रीत आजही चांगली आहे. भोकांचा पुंजका एका मापापाशी आवळत जातो आणि त्यापुढे पुन्हा पसरतो. जेथे तो सर्वांत घट्ट असतो तेच त्या नळीचे माप, मग ते कमाल मर्यादेपेक्षा वीस ग्रेनांनी कमी का असेना. त्यानंतर शंभर यार्डांवर तोच बार पडताळून बंदुकीचा नेम जुळवून घ्यावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गोळी, सॅबो आणि दारू एकदम बदलली तर पुंजका कशाने सुधारला हे कळत नाही. प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर आणि मग कोरडा चिंधा नळीतून फिरवावा, नाहीतर मळ साचत जातो आणि तिसरा बार पहिल्यापेक्षा वेगळ्या नळीतून निघाल्यासारखा होतो. वहीत तारीख, हवेचे तपमान, दारूची जात व माप, सॅबो, टोपी आणि पुंजक्याचे मोजमाप टिपावे. शिकारीत पहिला बार थंड, स्वच्छ नळीतून जातो, म्हणून वेगळ्या दिवशी थंड नळीतून काढलेला एकेक बार कोठे पडतो हे विशेष लिहून ठेवावे.

भरताना घ्यायची काळजी

भरण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री करावी, तेल पुसावे आणि सुरक्षित दिशेला नुसती टोपी वाजवून वाट मोकळी करावी. दारूच्या डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये, कारण नळीत एखादा निखारा धुमसत असेल तर संपूर्ण डबा पेटतो. आधी मापात, मग नळीत. गोळी दारूवर पूर्णपणे टेकेपर्यंत ठासावी. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर गोळी नळीतल्या अडथळ्यासारखी वागते आणि नळी फुगते वा फुटते. हे टाळण्यासाठी नेहमीचा बार पूर्ण ठासल्यावर गज नळीच्या तोंडाशी जेथे येतो तेथे त्यावर खूण करावी; खूण वर राहिली तर गोळी अडकली आहे किंवा दोनदा दारू भरली गेली आहे, आणि तो बार काढू नये. टोपी सर्वांत शेवटी, जनावरावर नेम धरण्याची वेळ आल्यावरच चढवावी. घोडा पडूनही बार उडाला नाही तर बंदुकीचे तोंड निशाण्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबावे. काळी दारू आणि पायरोडेक्स यांचा मळ हवेतली ओल ओढून नळी गंजवतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुऊन, वाळवून तेल लावावे; ब्लॅकहॉर्नसाठी पाणी नव्हे, तर तिच्यासाठीचा द्रावक लागतो.

शेवटचा आकडा : पल्ला

गोळी, सॅबो आणि दारू यांची निवड एका आकड्यात येऊन थांबली पाहिजे, आणि तो म्हणजे शिकाऱ्याचा स्वतःचा पल्ला. मेजावर नव्हे, तर गुडघ्यावर बसून, थंडीत, जाड कपडे घालून ज्या अंतरावर सलग बार एका जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात, आणि ज्या अंतरावर गोळी अजून पसरण्याइतकी वेगवान असते, त्या दोहोंतील लहान अंतर हाच पल्ला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि हंगामात त्यापलीकडचे जनावर कितीही मोठे दिसले तरी ते जाऊ द्यावे, कारण ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार भरायला अर्धा मिनिट तरी जातो आणि जखमी जनावर तेवढा वेळ थांबत नाही.